क्यावुलू टेकडीचे माप

चुलीमागच्या फळीवर आम्ही सातजण राहतो. भोपळ्याचे दोन तुंबे, त्यांतल्या एकाला तडा गेलेला. एक लाकडी पळी. एक सूप. एक मुसळ, जे फळीवर मावत नाही म्हणून तिला टेकून उभे असते. एक रॉकेलची चिमणी. आणि सातवा मी.

मी एक जुना मापाचा डबा आहे. आमच्याकडे मला गोरोगोरो म्हणतात. माझी उंची तुमच्या वितीएवढी आहे. काठी फिरवून मला सपाट भरले, तर माझ्यात दोन किलोला वीस ग्रॅम कमी इतका कोरडा मका मावतो. शीग लावली तर सव्वादोन किलोच्या आसपास. आसपास म्हणतो, कारण शीग लावणाऱ्याचा हात जसा, तशी ती कमीजास्त होते.

माझ्या अंगावरचा रंग उडाला आहे आणि काठाला गंज चढला आहे. तरीही मित्रांनो, माझ्याकडे दयेने पाहू नका. मला काहीजणांनी भिकेचा डबा म्हटले. एका छापील कागदाने तर मी रिकामा असताना मला भरलेला ठरवले. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. त्या खोट्या कशा, एवढे सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म बंदराच्या शहरात, एका कारखान्यात झाला. पत्र्याचा ताव कापून गोल वळवला, शिवण डाग देऊन सांधली, तळ बसवला आणि माझ्यात दोन किलो वनस्पती तूप ओतून झाकण लावले. ट्रकने मी या कोरड्या मुलखात आलो. हमरस्त्यावरच्या इतुंगू गावात एका चहावाल्याच्या टपरीत माझ्यातले तूप चपात्या तळण्यात संपले. माझी भावंडे रिकामी झाल्यावर कुणाच्या चिमण्या झाल्या, कुणाला उलगडून छपराला ठिगळ लावले. मला स्योकाऊने घेतले. सरपणाचा एक भारा टपरीत टाकून तिने मला बदल्यात उचलले.

स्योकाऊ क्यावुलू टेकडीवर राहते. साठीची विधवा बाई, खांदे पुरुषासारखे रुंद. तिने आधी मला पालथे केले आणि तळावरून तळहात फिरवला. बाजारातले काही व्यापारी डब्याचा तळ गुडघ्याने किंवा हातोडीने आत ठोकतात. वरून डबा काठोकाठ दिसतो, पण गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर कमी पडते. माझा तळ सपाट होता. पुढे एकदा शेजारणीचा दीर, त्याचे इतुंगूला दुकान होते, मला उसना मागायला आला. स्योकाऊने त्याला चहा दिला आणि सांगितले, "डबा मिळणार नाही. माझ्या डब्याच्या पोटात कुणाचा गुडघा जाणार नाही." आजही माझा तळ सपाट आहे. हवे तर हात फिरवून पाहा.

माझी उमेदीची वर्षे म्वेथ्यात गेली. म्वेथ्या म्हणजे टेकडीवरच्या घरांनी मिळून करायचे काम. आज तुझ्या शेताचे बांध, उद्या माझ्या. शिट्टी वाजली की कुदळ खांद्यावर टाकून निघायचे. कारण नसताना जो येणार नाही, त्याने कोंबडी द्यायची. कामाला जाताना रडत जायचे नाही, गात जायचे. म्वेथ्याची मुख्य स्योकाऊच होती.

त्या काळात त्यांनी कोरड्या नदीत वाळूचा बांध घातला. पात्रात आडवी दगडी भिंत. पुराबरोबर येणारी वाळू तिच्यामागे साचत जाते आणि त्या वाळूच्या पोटात पाणी महिनोन्महिने टिकते. दगड हातोहात पुढे जात. दुपारी मका आणि चवळी एकत्र शिजवलेला मोठा हंडा उतरे. त्यासाठी प्रत्येक घराचे धान्य माझ्यातूनच मोजले जाई आणि प्रत्येक माप शिगेचे असे. मला सपाट भरून कुणी पुढे केले, तर बाकीच्या बायका हसत. बांध पुरा झाला, तेव्हा स्योकाऊने मला राखेने घासून लख्ख केले. इतका मी कारखान्यातही चमकलो नव्हतो.

बांधाने प्यायचे पाणी दिले, काठावर भाजीचे वाफे दिले. पण मका उतारावर पिकतो आणि उताराला पाऊसच लागतो. तो रुसला की सरकारचा मका येतो. आम्ही त्याला म्वोल्यो म्हणतो. तो इतुंगूला चीफच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या मुखियाच्या, चौकीवर वाटला जातो. दर घराला पाच डबे, काठी फिरवून सपाट.

म्वोल्यो हा शब्द आमच्या मुलखाला टोमण्यासारखा चिकटला आहे. शहरात कुणी आपले गाव सांगितले, की समोरचा हसून विचारतो, म्वोल्यो खायला परत कधी जाणार. इतुंगूचे लोक चौकीच्या दारात राहतात. ते पिशवी घेतात, रांगेत उभे राहतात आणि शेजाऱ्याशी गप्पा मारत घरी जातात. क्यावुलूची गोष्ट निराळी. तिथून पहाटेच्या आधी निघावे लागते, आणि भर रस्त्यात, बसमधल्या लोकांच्या डोळ्यांदेखत उभे राहावे लागते.

म्हणून स्योकाऊने एक रीत घातली. तिचे म्हणणे असे, की आपण बांध बांधणारी माणसे. सगळ्या टेकडीने रांगेत तोंड कशाला दाखवायचे? तीन घरांमागे एकीने जावे, तिच्या घराचा वाटा आणावा, आणि तो तिघींनी वाटून घ्यावा. पहिल्या वर्षी घरोघरी थोडी चवळी उरली होती, त्यामुळे ते निभले. वर आम्ही इतरांसाठी मका सोडला, असा अभिमानही वाटला. पुढच्या वर्षी चवळी नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी तर बियाणेसुद्धा खाल्ले गेले. रीत मात्र राहिली. एकदा मान ताठ केली, की ती खाली घेणे किती कठीण असते, ते मी फळीवरून पाहिले आहे.

पाच डब्यांचे तीन वाटे करायचे, म्हणजे घराला एक डबा भरून आणि वर दोन तृतीयांश. स्योकाऊच्या घरात ती वाटणी मी करत असे. तिसऱ्या वर्षी तिची सून म्बिथे बाळंत झाली. मुलीचे नाव न्थोकी. स्योकाऊचा मुलगा शहरात मजुरीला होता आणि त्याच्याकडून निरोपाखेरीज काही येत नव्हते. म्बिथे आपला वाटा दळून घेई, जात्याभोवती सांडलेले पीठ ओल्या बोटाने टिपून घेई. न्थोकी छातीला लागे, थोडी ओढे, मग सोडून रडायला लागे. दूध आटत चालले होते. म्बिथेने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. सासूसमोर सुनेने आवाज चढवायचा नाही, असेच तिला शिकवलेले होते.

मग एक दिवस चौकीवर सभा भरली. वाटपाचाच दिवस होता, म्हणून स्योकाऊने मला पाठीवरच्या विणलेल्या पिशवीत घातले होते. पुढे बसायचा मान म्वेथ्याच्या मुख्य बाईला असतो. तिथे बसल्यावर तिने मला मांडीवर घेतले.

वरच्या कचेरीतून ओडेरा नावाचा तरुण अधिकारी आला होता. पश्चिमेच्या मोठ्या तळ्याकाठचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, बुटांवर आमच्याकडची लाल धूळ. त्याने बाभळीच्या खोडावर तीन छापील तक्ते काट्यांनी टोचले, तीन वर्षांचे तीन. जिथली जास्त घरे सरकारी मका घेतात, तो भाग गडद लाल. जिथली कमी, तो फिका. इतुंगू तिन्ही तक्त्यांवर लाल होते. पूर्वेकडचे सपाट माळ दरवर्षी अधिक लाल होत गेले होते. क्यावुलू मात्र तिन्ही तक्त्यांवर फिके, जवळजवळ पांढरे.

ओडेरा मनापासून खूश होता. त्याने आधी टेकडीच्या लोकांना उभे राहायला सांगितले, मग बाकीच्यांना टाळ्या वाजवायला. तो म्हणाला, "यांचं करावं तेवढं कौतुक थोडं. यांनी स्वतःच्या हातांनी बांध बांधला आणि सरकारच्या मक्याची गरजच ठेवली नाही."

माझ्याभोवती स्योकाऊचे हात घट्ट झाले. तिला अभिमान वाटला, हे मी का लपवू? टाळ्या पडल्या. मग तो पुढचे बोलला. पुढच्या हंगामापासून क्यावुलूचा वाटा पूर्वेच्या माळाला जाईल. टाळ्यांसाठी उचललेले काही हात तसेच अधांतरी राहिले.

मागे शेजारीण कासिवा बसली होती. तिची जीभ आख्ख्या टेकडीला माहीत आहे. ती पुढे वाकून स्योकाऊच्या कानाशी म्हणाली, "घे आता. बांधातली वाळू शिजवून खाऊ."

स्योकाऊ उभी राहिली. तिने आपली रीत सांगितली. एक बाई येते आणि तीन घरे खातात, हे सांगितले. पांढरा रंग म्हणजे भरलेले पोट नव्हे, हेही सांगितले. सभेत कुजबूज झाली. इतुंगूचे काहीजण हसले, कारण पाच डबे तीन घरांत वाटायचे, हे त्यांना वेडेपणाचे वाटले. चीफ मुन्योकी टोपी हातात फिरवत बसला. त्याला ही रीत ठाऊक होती, पण कमी माणसे आली की त्याचे काम लवकर उरके.

ओडेराने तिला हिणवले नाही. तो म्हणाला, "आजी, मला तुमच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसत नाही. मला रांग दिसते. जो उभा राहिला त्याला गरज आहे, जो नाही राहिला त्याला नाही. हे चुकत असेल, पण माझ्याकडे दुसरा डोळा नाही." मग त्याने सांगितले, की हंगामाचे अजून एक वाटप बाकी आहे. त्या दिवशी जी घरे स्वतः येतील, ती तो मोजेल. त्यानंतर आकडे वर जातील.

टेकडी चढताना कासिवा थांबायलाच तयार नव्हती. "तळ्याकाठचा आहे तो," ती म्हणाली. "मासे खाऊन वाढलेला. बांध म्हटलं की त्याला वाटतं, आत मासे असतील आणि काठावर मका आपोआप उगवत असेल." बायका हसल्या. स्योकाऊ हसली नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या बांधावर सगळी टेकडी जमली. स्योकाऊने सांगितले, की पुढच्या वाटपाला प्रत्येक घराने जायचे. त्यावर जो गोंधळ उठला, तसा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. म्हातारा न्दाम्बुकी काठी आपटत म्हणाला, की आयुष्यात त्याने म्वोल्योला हात पसरलेला नाही आणि आता पसरणार नाही. एकीने विचारले, वाटेत सोयरे भेटले तर काय सांगायचे. आणि कासिवाने जे विचारले, ते सगळ्यांच्याच मनात होते. "तीन वर्षं तूच सांगितलंस, उभ्या राहू नका. आम्ही राहिलो नाही. आता तूच म्हणतेस, उभ्या राहा. आमची मान म्हणजे काय तुझ्या दाराची कडी आहे? हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली?"

तेवढ्यात म्बिथे उठली. न्थोकी तिच्या पाठीला बांधलेली होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"आई, मी जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. मला लाज परवडत नाही. हिला तर मुळीच नाही."

सुनेने सासूला चारचौघांत असे बोलणे आमच्याकडे होत नाही. कुणीतरी जीभ चावली. स्योकाऊने सुनेकडे पाहिले, मग तिच्या पाठीवरच्या पोरीकडे. मग तिने कमरेची शिट्टी काढली आणि वाजवली. ती म्वेथ्याची, कामाची शिट्टी होती. ऐकल्यावर बसलेले लोक सवयीने उठून उभे राहिले.

ती म्हणाली, "ही रांग म्हणजे काम आहे. बांधाचं होतं तसंच. हात पसरायचा नाही, कुदळ घ्यायची. ज्याचं घर येणार नाही, त्याची कोंबडी."

न्दाम्बुकी काही बोलणार, तोच कासिवा त्याच्याकडे वळली. "आबा, तुमच्याकडे कोंबडी तरी उरली आहे का? मग चला मुकाट्याने." यावर म्हातारासुद्धा हसला, आणि तिथे सगळे मिटले.

वाटपाच्या दिवशी टेकडी खाली उतरली, ती गात. सगळ्यांत पुढे शिट्टी, मग कुदळींची ओळ. मी स्योकाऊच्या पाठीवर होतो आणि उतारावरून मागे पाहत होतो. ओळीचे शेवटचे टोक मला दिसत नव्हते. हमरस्त्यावर एका बसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर ओरडला, की म्वोल्योवाले निघाले बघा. कासिवाने पाऊलही न थांबवता उत्तर दिले, "निघाले. तुझी बस धावते तो रस्ता कुणी खणला, ते घरी जाऊन आईला विचार."

चौकीवर मात्र घबराट झाली. एवढ्या कुदळी चालून येताना पाहून पहारेकऱ्याने दंडुका घट्ट धरला आणि ओडेरा टेबलामागून उठून उभा राहिला. मुन्योकी हसत पुढे आला. "बसा साहेब. ही भांडणाची हाक नाही, कामाची आहे."

प्रत्येकाने आपली कुदळ आपल्यापुढे जमिनीवर आडवी ठेवली आणि मागे ताठ उभा राहिला. रांग बाभळीपासून टपरीच्या मागे वळून शाळेच्या कुंपणापर्यंत गेली. पाच घरांत चालू शकणारे कुणी नव्हते. त्यांच्या कुदळी शेजाऱ्यांनी आणल्या होत्या. ओडेरा त्या कुदळींपाशी थांबला, खाली वाकला, आणि म्हणाला की कुदळ मोजता येणार नाही. कासिवाने त्याच्याशी वाद घातला. तो ऐकला नाही, पण त्या पाच जागांवरून तो पाय टाकून गेला नाही, वळसा घालून गेला.

चौकीचा एकटा डबा पुरेना, तेव्हा मुन्योकीने मला मागितले. ओडेराने मला तराजूला टांगून पाहिले आणि चालेल म्हणून मान हलवली. त्या दिवशी मी दुपारपासून ऊन कलेपर्यंत भरत आणि रिकामा होत राहिलो. माझ्यावरून काठी फिरत होती. शीग नव्हती, तरीही मला कमीपणा वाटला नाही. म्बिथेची पाळी आली तेव्हा तिने पिशवीचे तोंड दोन्ही हातांनी उघडे धरले आणि पाचही मापे पडेपर्यंत मान खाली घातली नाही. तिच्या मागच्या घराचा वाटा तिच्या पिशवीत नव्हता. तो त्या घराच्या पिशवीत पडला.

म्हणून मित्रांनो, मला भिकेचा डबा म्हणू नका. ज्या माणसांनी रस्ते खणले आणि बांध घातले, त्यांनी भुकेच्या वर्षी आपला वाटा मागितला, तर त्यात लाज कुणाची? आणि तुमच्यापैकी जे पुढे शिकून असे तक्ते काढतील, त्यांना माझी विनवणी आहे. फिका रंग दिसला की टाळ्या वाजवण्याआधी एकदा टेकडी चढून जा. घरात शिरा, फळीवरचा डबा खाली काढा, आत हात घाला. आत काही आहे की नाही, ते हाताला कळते.

आता वाटपाला विजेचा काटा आला आहे आणि मला कुणी चौकीवर नेत नाही. माझ्यात म्बिथे मीठ ठेवते. मीठ पत्रा लवकर खाते, हे मला ठाऊक आहे. मी कुरकुर करत नाही, पण तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला कोरडे ठेवा आणि तळावरून अधूनमधून हात फिरवा.

त्या रांगेनंतरच्या हंगामात मका घेऊन ट्रक क्यावुलूच्या पायथ्यापर्यंत आला. ओडेराने नवा तक्ता झाडाला टोचला. त्यावर टेकडीचा रंग गडद लाल होता. खाली छापले होते: क्यावुलू. एकूण घरे १८६. मका घेणारी, मागील वर्षी ६२. या वर्षी १८१. वाढ १९२ टक्के.